आधी चिठ्ठी, मंग गेरू

आमच्या गावात कोनाच्या आंगावर नागीन निंघाली का तो पहिले माह्या ओट्यावर येते, डॉक्टरकडं मंग. मी तानाबाई. सासूनं मले हे काम शिकवलं: सहानेवर गेरूचा खडा कडूलिंबाच्या रसात उगाळाचा, फोडाच्या भोवती तीन येढे काढाचे आन् ओठातल्या ओठात मंत्र म्हनाचा. मोल घ्याचं नाई. कोनी चहापत्तीची पुडी आनली तर नाई म्हनाचं नाई. तीस वर्सं झाले, मी चहापत्ती इकत आनली नाई.

नागीन पाह्यली नसन तर सांगते. आंगाच्या एकाच बाजूनं फोडाचा पट्टा उठते आन् आग अशी होते का मानसाले आंगातली बनियानही सहन होत नाई. लोक म्हनतेत, तिचं तोंड आन् शेपटी जुळली का मानूस गेला. काही जात नाई. पंधरा-वीस दिवसात थे आपोआप सुकते. मले हे पहिल्यापासून माहीत होतं, पन आपल्या हाताचं नाव होऊन राह्यलं असन तर कोन तोंड उघडते?

मागच्या साली चैतात रजत आला. सत्तावीस वर्साचा पोरगा, जेसीबी चालवते. सिंदी मेघेच्या गुंजनसंग त्याचं लगन ठरलतं, वीस दिवसावर आलतं.

"मावशे, हळदीच्या आधी हे उतरव बरं," म्हने. "बाया हळद लावाले येतीन आन् हे पाहून पळतीन."

त्यानं सदरा वर केला. डाव्या बरगडीपासून पाठीपर्यंत पट्टा. माहा हात सहानेवरच थांबला. कारन माह्या लहानूले इथंच निंघालती.

लहानू माहा एकुलता एक. त्याले पहिले एकदा ताप आलता, गळा दुखे, आंगावर पुरळ. आठ दिवसात बरा झाला, आमी इसरून गेलो. मंग सहा-सात वर्सं काहीच नाई. खाये, पेये, पोतं पाठीवर घेऊन पळे. मंग नागीन निंघाली. मी गेरू लावला, उतरली, आन् मी गावभर मिरवलं का पाहा माहा हात! दोन वर्सानं त्याच्या तोंडात पांढरा थर आला, महिनाभर जुलाब, वजन निम्मं. दवाखान्यात नेलं तवा डॉक्टर म्हने, लय उशीर केला माय. लहानू गेला.

हे सारं एकाच बिमारीचं होतं, हे मले तवा समजलं नाई. समजलं दोन वर्सामागं. सरकारी दवाखान्यातल्या तपासनीच्या खोलीत नंदिनी मॅडम बसते, तिचं गावात शिबिर झालं. थे सांगत होती का एचआयव्ही आंगात शिरला का कोनाले दोन-चार आठवड्यानं ताप येते, कोनाले काहीच होत नाई. मंग वर्सानुवर्सं मानूस धडधाकट. तवा फक्त रगत तपासलं तरच समजते. आंगातली ताकद कमी झाली का मंग नागीन, वजन, तोंडातला थर, आन् शेवटी टीबीसारखे मोठे रोग. "म्हाताऱ्या माणसाला नागीण वयानं होते," थे म्हने, "पण तरुणाला झाली तर एकदा तपासून घ्या." मी मधातूनच उठून घरी आली. चुलीपुढं बसून रडली. नागीन मले सांगाले आलती, आन् मी तिले गेरू लावून चूप केलं.

म्हनून मी रजतले म्हटलं, "बाबू, गेरू लावते, पन आधी दवाखान्यात जाऊन रगत तपासून ये. एचआयव्हीचं."

झालं! पोरगा असा उसळला का सहान लवंडली.

"तू मले काय समजून राह्यली व? वीस दिवसावर माहं लगन आहे!"

"म्हनूनच म्हनून राह्यली."

"नको तुहा गेरू!" आन् सदरा खाली न करताच गेला भोकनीचा.

दोन दिवस मले जेवन गोड लागलं नाई. पन इचार केला तर पोराची काय चूक? एकट्याले जाय म्हटलं म्हंजे त्याच्यावर बोटच दाखवलं ना. बोट दाखवाचं तर साऱ्या गावावर दाखवाव. म्हंजे ते कोनावरच राहत नाई.

तिसऱ्या दिवशी मीच पुलगावची बस धरली आन् नंदिनीसमोर हात पुढं केला. "काढ रगत." थे हासली. म्हने, "मावशी, तुम्हाला काय झालं?" मी म्हटलं, "डोकं ठिकानावर आलं." मंग तिले सारं सांगतलं, फक्त रजतचं नाव सोडून. म्हटलं, "आता माह्याकडं जो येईन त्याले मी इथं धाडीन, कोवळा असो का म्हातारा. तू फक्त एक चिठ्ठी देजो का हा मानूस येऊन गेला."

"देईन," नंदिनी म्हने, "पण कोणाला काय निघालं ते चिठ्ठीवर नसेल. तारीख आणि शिक्का, सगळ्यांची सारखी. आणि मावशी, नागिणीवर डॉक्टरांची गोळी तीन दिवसांच्या आत सुरू झाली तर चांगली लागू पडते. गेरू लावायचा तर भोवतीनं लावा, फोडांना हात नको."

माही चिठ्ठी मी पदराले बांधून आनली. रगतात काही निंघालं नाई.

दुसऱ्याच दिवशी पहिला गिऱ्हाईक कोन आला असन? अण्णाजी गुरुजी! बहात्तर वर्साचे, रिटायर हेडमास्तर, आन् कमरेवर नागीन.

"आधी चिठ्ठी, मंग गेरू," मी म्हटलं.

कायची चिठ्ठी ते समजलं तसा गुरुजीचा चेहरा गेरूसारखा झाला. "तानाबाई! मी अडतीस वर्षं शिक्षकी केली! अख्ख्या गावाला शिकवलं!"

"मंग तुमाले तर चिठ्ठीचं महत्त्व माहीत आहे. सुट्टीची चिठ्ठी नसली का पोरायले कोंबडा कोन करे?"

"या वयात मी काय तोंड दाखवू तिथं?"

त्याइच्या मागं लीलाबाई, त्याइची मालकीन, पदर तोंडात कोंबून उभी होती. थे म्हने, "जा ना वो, जाऊन या. मलेही एकदा समजू द्या."

आग अशी होती का गुरुजीले जानंच भाग होतं. सकाळी गेले, दुपारी आले, आन् मानूस पाहा कसा असते! चहाच्या टपरीवर उभे राहून चिठ्ठी अशी वर धरली जशी बोर्डाची मार्कशीट. "बहात्तराव्या वर्षी परीक्षा दिली! बसा, लाजायचं काय त्यात? रक्त देणं आहे, गुन्हा नाही." डॉक्टरनं नागिनीची गोळीही देलती. मी गेरू लावला. पुढच्या आठवड्यात लीलाबाईही जाऊन आल्या, म्हने नवरा-बायकोची जोडीनं झाली पाह्यजे, सत्यनारायनासारखी.

मंग काय, गावाले खेळ भेटला. कोनाचा दात दुखला तरी लोक म्हनतेत, "चिठ्ठी आनली का बे?" जो तो जाऊन ये. काही जन माह्या शिव्या खाऊन गेले, काही हासत गेले.

पन मी ज्याची वाट पाहून राह्यलती तो काही दिसे ना. सदऱ्यातून वाकडा होऊन जेसीबीवर बसलेला दिसे, मले पाहून तोंड फिरवे. माहा जीव तीळ-तीळ तुटे.

मंग एका बुधवारी आला. ओट्यावर बसला, चिठ्ठी ठेवली. तारीख आन् शिक्का.

"गुरुजी गेले, मंग मी कायले भेव?" म्हने.

मी गेरू उगाळला. पहिला येढा काढला, दुसरा काढला. तिसऱ्यावर तो हळूच म्हने, "मावशे, निंघालं."

मी येढा पुरा केला, अर्धा सोडाचा नसते.

"मी लगन मोडतो," तो म्हने. "काही बी कारन सांगतो आन् गुजरातेत कामाले जातो. कोनाले तोंड नाई दाखवत."

तवा मले जो राग आला! "पळतं? पळून कोठी जाशीन? रगत इथं ठेवून जाशीन का? माहा लहानू असाच चूप बसला. लाजेनं चूप बसला, आन् मी येडी, मी बी चूप बसली. मॅडम काय म्हने तुले?"

"म्हने, वेळेवर आला. उद्यापासून गोळी सुरू. रोज एक, जन्मभर."

"मंग? तुह्या जेसीबीले रोज डिझेल लागते का नाई? तवा रडतं का तू?"

पोरगा रडता रडता हासला. मीही रडली, आता लपवून काय करू. त्याले हे कोठून लागलं, मी पुसलं नाई. माह्या ओट्यावर आजवर कोनाले पुसलं नाई, त्यालेच काऊन पुसू? पन एक गोष्ट सांगतली: "गुंजनले आजच्या आज सांग. तिचं आयुष्य तिचं आहे. थे नाई म्हने तर नाई."

तो त्याच संध्याकाळी गेला. गुंजन औषधाच्या दुकानात काम करते, दुकानापुढच्या बाकावर बसून त्यानं तिले सारं सांगतलं. चौथ्या दिवशी थे आपली स्कूटी घेऊन माह्या दारात उभी. डोळे सुजलेले, पन मान ताठ.

"मावशी, खरं सांगा. त्यानं किती दिवस लपवलं?"

"एकही नाई. दुपारी त्याले समजलं, मले सांगतलं, आन् दिवस बुडाच्या आत तुह्याकडं आलता."

थे म्हने, "मी डॉक्टरला भेटून आले. माझी तपासणीही केली, मला काही नाही. गोळी चुकवली नाही तर रक्तातला विषाणू इतका कमी होतो की मशीनला सापडत नाही, आणि तसाच राहिला तर बायकोला लागत नाही. म्हणून वर्षभर पाहते. घरी फार्मसीच्या परीक्षेचं कारण सांगितलं. एक गोळी चुकली की लग्न नाही, हे सांगून आले त्याला."

"शाब्बास व माय!" मी म्हटलं. पोरगी माह्यापेक्षाही कडक निंघाली. तिले चहा पाजला, आन् चहापत्ती अण्णाजीनं आनलेली होती.

वर्स गेलं. रजतचं वजन सात किलो वाढलं, जेसीबीचं सीट कुरकुर करे. रोज नऊ वाजता गुंजनचा फोन, "घेतली का?"

आन् या वैशाखात हळद लागली. मांडवात बाया गोळा झाल्या. मी मागं, खांबापाशी उभी. माहा मालक जाऊन वीस वर्सं झाले. बिनकुंकवाची बाई हळदीले पुढं होत नाई, हे मले सांगा लागत नाई.

रजत पाटावर बसला आन् वरडला, "मावशे! पहिली हळद तुही."

त्याची आत्या म्हने, "अरे, तिले कुकू नाई ना बाप्पा."

"कुकू नाई, पन हात आहे ना. मले हाच हात पाह्यजे."

अण्णाजी खुर्चीवरून म्हने, "बरोबर आहे. तानाबाई, पुढं व्हा." हेडमास्तरचा हुकूम, कोन मोडन?

मी पुढं गेली. रजतनं बनियान वर केली. डाव्या बरगडीवर नागिनीचे डाग अजून होते. मी वाटीत बोटं बुडवली आन् डोळ्यात पानी आलं. साऱ्या बायापुढं रडाची मले लय लाज वाटे, म्हनून मी खेकसली, "थांब! आधी चिठ्ठी!"

मांडव खो खो हासला. साऱ्या गावाले माहा कायदा पाठ आहे.

रजतनं पाटाखालून दोन कागद काढले. तारीख आन् शिक्का, अण्णाजीच्या चिठ्ठीवर होता तसाच.

"एक माही, एक गुंजनची," तो म्हने. मंग माह्या कानाशी लागून हळूच म्हने, "मशीनले काही सापडत नाई, मावशे. सहा महिने झाले."

लोक हासूनच राह्यले होते. मी त्याच बरगडीवर हळदीचे तीन येढे काढले, आन् मंत्राच्या जागी लहानूचं नाव घेतलं.