बॅगेखालचा माणूस

"भूकंप झाला तरी माही बॅग हलणार नाई," आकांक्षा कॉलेजच्या बसमध्ये उभी राहून म्हणाली. "लिहून ठेव प्रेरणा. अल्लीपुरात आज भूकंप होऊ दे, नत्थूजींचं घर पडू दे, माही बॅग जागच्या जागी!"

मी म्हटलं, "आन् पेपर?"

"कोणता पेपर?"

"बॅगेखाली टाकायचा."

आकांक्षा खाली बसली. पेपर होस्टेलवर राहिला होता. तिच्या कॉटवर, उशीजवळ, घडी न मोडलेला.

ज्यांनी नर्सिंग केलं नाही त्यांना यात रडण्यासारखं काय, ते कळणार नाही. गावात घरभेटीला जाताना आमच्या खांद्यावर एक काळी बॅग असते. बीपीचं मशीन, थर्मामीटर, साबण, टॉवेल, सगळं तिच्यात. ही बॅग कोणाच्या घरात अशीच टेकवायची नाही. आधी वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर बॅग ठेवायची, मग हात धुवायचे, मग ती उघडायची. न धुतलेला हात बॅगेला लागता कामा नये. आणि एकदा ठेवली की काम संपेपर्यंत बॅग जागची हलवायची नाही. बाकी काही चुकलं तर मार्क कापतात. बॅग हलली तर पोरगीच कापतात.

आकांक्षा एकदा कापली गेली होती. गेल्या परीक्षेत, दुसऱ्या एका घरी, बॅगेवर कोंबडी येऊन बसली. हिने कोंबडी झटकायला बॅग उचलली. नापास. तेव्हापासून ही पोरगी जेवणाच्या ताटाखाली पेपर टाकते, मोबाईलखाली टाकते. आज दुसरा चान्स होता. नागपूरच्या एका दवाखान्याने तिची नोकरी या निकालापर्यंत धरून ठेवली होती, आणि यावेळीही नापास झाली तर ती जागा दुसरीला देऊ असं स्पष्ट सांगितलं होतं.

अल्लीपूरच्या स्टँडवर उतरल्याबरोबर ती खर्ऱ्याच्या, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीच्या टपरीवर धावली. टपरीवाला पेपर वाचत बसला होता. आकांक्षाने त्याच्या हातातून मधलं पान ओढलं.

"अवो पोरी, मले राशिभविष्य तरी वाचू दे!"

"परीक्षा आहे काकाजी!" म्हणत ती पळाली. मी मागे. पेपर एवढा ताजा होता की हाताला शाई लागत होती.

नत्थूजींचं घर म्हणजे आकांक्षाची 'दत्तक फॅमिली'. आम्हाला प्रत्येकीला एकेक घर देतात. तिथे आठवडेच्या आठवडे जायचं, त्यांचं आरोग्य सुधरवायचं आणि शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर ते सुधरलेलं आरोग्य दाखवायचं. नत्थूजींना बीपी. आकांक्षाने त्यांचं मीठ कमी केलं होतं, खर्रा सोडवला होता. त्यांची बायको आनंदाबाई जेवायच्या आधी साबणाने हात धुवायला लागल्या होत्या. सून मोहिनी, कडेवर सहा महिन्यांचं पोरगं, तिला बाळाच्या लसी तोंडपाठ होत्या. नमुन्याचं घर!

परीक्षक मॅडम पुण्याकडच्या होत्या. कडक इस्त्रीची साडी, मांडीवर मार्कांचा कागद, हातात शाईचं पेन. माझा नंबर आकांक्षानंतर, म्हणून मी दाराशी उभी.

"करा सुरू," मॅडम म्हणाल्या.

आकांक्षाने पान पसरलं. त्यावर बॅग ठेवली, मधोमध, हळूच, जशी एखादी बाई झोपलेलं बाळ ठेवते. हात धुतले. बॅग उघडली. नत्थूजींच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला.

"एकशे तीस, ऐंशी," ती म्हणाली.

मॅडमनी मान हलवली. पेन चाललं. मी मनातल्या मनात आकांक्षाला नागपूरला पोहोचवूनही दिलं.

तेवढ्यात मोहिनी बाळाला घेऊन पुढे आली, बॅगेजवळ वाकली आणि अशी किंचाळली की माझ्या अंगावर काटा आला.

"बाबा! माह्ये बाबा गेले वं माय!"

आम्ही सगळे वाकून पाहायला लागलो. बॅगेच्या वरच्या बाजूने, पेपरवर, एका माणसाचा फोटो दिसत होता. पांढरी टोपी, जोडलेले हात, भोवती फुलांची चौकट. मोहिनीचे वडील बंडूजी, देवळीचे. नत्थूजींचे इवाई, म्हणजे व्याही. फोटोखालचा सगळा मजकूर बॅगेखाली. फक्त खालच्या कोपऱ्यात एवढंच बाहेर आलं होतं: 'समस्त मित्र परिवार, देवळी'.

आता आमच्याकडे निवडून आलेला माणूस आणि वर गेलेला माणूस, दोघांनाही पेपरात एकाच पोझमध्ये छापतात. तीच टोपी, तेच हात, तीच फुलं. कोण कुठे गेला ते खालची ओळ वाचल्याशिवाय कळत नाही. आणि खालच्या ओळीवर आकांक्षाची बॅग बसलेली.

"काय झालं बंडूजीले?" नत्थूजी डोळे बारीक करून पेपरकडे पाहू लागले. त्यांचा चष्मा फळीवर होता. "परवा तं फोनवर बोललो मी त्याच्यासंगं. भला चांगला होता! बेटा, बॅग सरकव नं थोडीशी."

आकांक्षा पांढरी पडली. "काकाजी, पाच मिनिटं."

"पाच मिनिटं?" नत्थूजींचा आवाज चढला. "माणूस मेला आन् तू मले पाच मिनिटं सांगून राह्यली?"

"काकाजी, बॅग हलवता येत नाई मले. मी नापास होईन."

"आन् मी तुही बॅग पाहत बसू?"

मोहिनीने वडिलांना फोन लावला होता. रिंग जात होती. कोणी उचलत नव्हतं. ती आणखी जोरात रडायला लागली, "आता कसे उचलतीन! कसे उचलतीन!" तिचं पाहून बाळाने सूर धरला. बाळाचं ऐकून शेजारच्या दोन बाया धावत आल्या. काय झालं हे न विचारताच त्या रडायला बसल्या.

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांचं पेन हवेतच थांबलं होतं. त्यांनी मार्कांचा कागद पाहिला, बॅग पाहिली, मोहिनीला पाहिलं, परत कागद पाहिला.

"कंटिन्यू," त्या म्हणाल्या.

माझा विश्वासच बसेना. आकांक्षाचाही बसला नाही. पण तिला पुढची पायरी पाठ होती. पुढची पायरी होती आरोग्यशिक्षण.

"काकाजी," ती म्हणाली, "मीठ कमी खायचं. रोज चालायचं. मनावर ताण घ्यायचा नाई."

"माहा इवाई मेला वं!"

"आणि खर्रा..."

नत्थूजींनी त्या दुःखात बंडीच्या खिशातून प्लास्टिकची पुडी काढली, घासली आणि तोंडात टाकली. सोडलेला खर्रा! मॅडमनी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसलं नाही, पण बरंच लांब होतं.

मग नत्थूजी उठले. दंडाला बीपीचा पट्टा तसाच, नळी लोंबते आहे. "मी हात धुऊन येतो," ते म्हणाले. "हात धुतल्यावर तं मले बॅग उचलता येईन नं? तूच शिकवलं."

"नाई काकाजी! तुम्ही पेशंट आहे! पेशंट बॅगेला हात नाई लावत!"

आतून भांड्याचा आवाज आला. आनंदाबाईंनी मॅडमसाठी चढवलेला चहा मोरीत ओतला होता. त्या बाहेर आल्या त्या पाण्याची बादली आणि तांब्या घेऊन.

"मयताची बातमी आयकली की आंगावर पाणी घ्या लागते," त्या डोळे पुसत म्हणाल्या, आणि पहिला तांब्या त्यांनी नत्थूजींच्या डोक्यावर रिकामा केला. पट्ट्यासकट. दुसरा मोहिनीवर. तिसरा त्यांनी माझ्याकडे आणला, तर मी दाराबाहेर उडी मारली. तो तांब्या मग मागे वळला.

"काकू, मॅडम आहे त्या!" आकांक्षा ओरडली.

"मंग? आयकली नं त्याईनं बी?"

पाणी मॅडमच्या अंबाड्यावरून कपाळावर, कपाळावरून चष्म्यावर आणि चष्म्यावरून कागदावर आलं. मॅडम हलल्या नाहीत. हलायचं सुचलंच नसेल. कागदावरची शाई मात्र निघाली. आकांक्षाचे मार्क मॅडमच्या साडीवरून निळे निळे खाली जात होते, आणि आम्ही दोघी ते पाहत होतो.

नत्थूजी ओल्या अंगाने खुर्चीत बसले, एकदम. चेहरा लाल झाला होता. "डोकं गरगर करून राह्यलं," ते म्हणाले.

आकांक्षाने पट्टा परत फुगवला. पारा वर गेला आणि खाली यायला तयारच होईना. तिने परत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"दोनशे दहा," ती म्हणाली.

मॅडमनी चष्मा पुसला. "मग काय कराल सिस्टर?"

आकांक्षा बॅगेकडे पाहत राहिली. मला माहीत होतं ती काय मोजते आहे. नागपूर, ती जागा, ती कोंबडी.

"मॅडम," ती म्हणाली, "याचं औषध बॅगेखाली आहे."

आणि तिने बॅग उचलली. दोन्ही हातांनी, भर परीक्षेत, सगळ्यांसमोर. मी डोळे मिटून घेतले.

आकांक्षाने मोठ्याने वाचलं: "देवळी येथील आमचे मार्गदर्शक श्री. बंडूजी यांची भजनी मंडळाच्या उपाध्यक्षपदी बिनविरोध निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन."

शेजारच्या बायांपैकी एक अजून रडत होती, दुसरीने तिला कोपराने ढोसलं.

"उपाध्यक्ष?" नत्थूजी म्हणाले. "त्याले तं एक अभंग पाठ नाई."

बाहेर मोटरसायकल थांबली. पांढरी टोपी, हातात पेढ्यांचा डबा, काखेत पेपरचा गठ्ठा, असे बंडूजी दारात उभे राहिले. घरात सगळे ओलेचिंब, मोहिनीचे डोळे सुजलेले. त्यांच्या हातातला डबा खाली आला.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

मोहिनीने बापाच्या छातीवर दोन्ही हातांनी गुद्दे मारले. "फोन काऊन नाई उचलला बाबा!"

"गाडीवर होतो नं वं! अन् कोण गेलं थे तं सांगा!"

"तुमी," आनंदाबाई म्हणाल्या, आणि लाजून रिकामी बादली घेऊन आत गेल्या.

बंडूजींना सगळं समजायला वेळ लागला. समजल्यावर त्यांना मरणाचं काही वाटलं नाही. त्यांची नजर खाली पडलेल्या पानावर गेली. "माह्या मजकुरावर बॅग ठेवली?" ते म्हणाले. "पाव पानाची जाहिरात आहे थे! घे नत्थूजी, चष्मा लाव आन् आता नीट वाच. मी वीस पेपर आणले वाटाले."

नत्थूजींनी चष्मा लावला, वाचलं, पेढा खाल्ला. आकांक्षाने न सांगता परत बीपी घेतलं. एकशे चाळीस. तिने ते कोणाला सांगितलंही नाही, मुकाट्याने बॅग बंद करायला लागली.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी ओला कागद दोन बोटांत उचलून धरला. त्यावर एक निळा डाग होता आणि त्या डागात कोणाचं नाव आहे तेही कळत नव्हतं. "माझ्याकडे तुमचा काहीच रेकॉर्ड उरला नाही. तुम्ही बॅग उचलली हेही यात राहिलं नाही. नियमाप्रमाणे आता नवा कागद घ्यावा लागेल. आणि नव्या कागदावर परीक्षा पहिल्यापासून." त्यांनी पदर पिळला. "बॅगेखाली टाकायला कोरडा पेपर आहे का कुणाकडे?"

बंडूजींनी गठ्ठ्यातला एक पेपर उघडला आणि मधलं पान मोठ्या मानाने काढून दिलं. आकांक्षाच्या चेहऱ्यावर रंग परत आला. माझ्याही. नत्थूजी खुर्चीत सरळ बसले, बाही वर केली. मोहिनीने बाळाला पाजायला घेतलं. आनंदाबाईंनी परत चहा चढवला.

आकांक्षाने यावेळी डोकं चालवलं. बंडूजींचा फोटो आता कोणालाच दिसायला नको, म्हणून तिने पान उलटं करून पसरलं. मजकूर झाकला गेल्यानेच घोळ झाला होता, म्हणून बॅगही तिने अगदी कोपऱ्यात ठेवली, एक अक्षर झाकलं जाणार नाही अशी. मग हात धुतले. बॅग उघडली. पट्टा बांधला.

उलट्या बाजूला श्रद्धांजलीचं पान होतं. वरच्या ओळीत, तिसऱ्या चौकटीत, नत्थूजींचे मावसभाऊ होते, आदल्या दिवशी गेलेले. नाव, गाव, तारीख, सगळं स्पष्ट वाचता येत होतं. नत्थूजींचा चष्मा डोळ्यांवरच होता. आनंदाबाईंनी चहा मोरीत ओतला आणि बादली नळाखाली लावली.