पिवळी चरबी, पांढरी चरबी

मित्रांनो, मी एक जुनी थंडगाडी आहे, माल गार ठेवून पोचवणारी. सुरूसारख्या उंच सायप्रस झाडांखाली उभी राहून राहून माझा पांढरा रंग हिरवट पडला आहे. पुढची चाकं जमिनीत रुतली आहेत आणि गार हवा सोडणारं माझं यंत्र गंजून घट्ट बसलं आहे. ट्रेविनच्या शेतावर नव्याने येणाऱ्यांना मी कोंबड्यांचं खुराडं वाटते. त्यांची चूक नाही, कोंबड्या माझ्या पोटात राहतातच. पण माझं आयुष्य वेगळ्या कामात गेलं आणि ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

माझा जन्म ऑस्ट्रेलियात, डँडेनाँगच्या एका कारखान्यात झाला. माझ्या भिंतींत गारवा टिकवणारा जाड फोम भरला आणि आतून चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकला. पहिली काही वर्षं मी मेलबर्नच्या एका फूलवाल्याकडे होते. ते दिवस सोपे होते. मरण्याआधी तू काय खाल्लंस, असं फुलांना कुणी विचारत नाही. पुढे फूलवाल्याने नवी गाडी घेतली आणि मी त्याच्या अंगणात धूळ खात पडले. तिथून मला लाइल आणि एनिड ट्रेविन यांनी नेलं.

लाइल उंच होता, थोडा वाकून चालायचा आणि फार कमी बोलायचा. साउथ गिप्सलँडच्या टेकड्यांत त्यांचं कुरण होतं. आधी तेही सगळ्यांसारखे आपले गोऱ्हे गुरांच्या बाजारात विकत. विकत घेणारे त्यांना फीडलॉटवर नेत. तिथे गवताची काडी नसते. शेवटचे काही महिने जनावर मातीच्या आवारात उभं राहतं, बार्ली आणि ज्वारी खातं आणि झटपट जाड होतं. एनिडला ते बघवेना.

"एवढं गवत राखायचं," ती म्हणायची, "आणि शेवटी पाठवायचं कुठे, तर चिखलात."

म्हणून त्यांनी ठरवलं की जनावर शेवटच्या दिवसापर्यंत आपल्याच कुरणात ठेवायचं आणि मांस थेट खाणाऱ्यांच्या घरी पोचवायचं. जिवंत जनावर मी कधी नेलं नाही. ते ट्रेलरमधून टेकडीपलीकडच्या छोट्या कत्तलखान्यात जायचं आणि लाइल त्या रस्त्यावर कधी रेडिओ लावायचा नाही. मी जायचे ती नंतर. तिथून मांस घेऊन मी गावातल्या डेस हार्किनच्या दुकानाच्या मागच्या बोळात उभी राहायचे. डेस खाटीक होता आणि लाइलचा शाळेपासूनचा मित्र. मांस कापून, पाकिटं बांधून तो माझ्यात खोकी रचायचा. थोडं स्वतःच्या दुकानातही ठेवायचा. त्या पाकिटांवर लाइलच्याच परवानगीने चिठ्ठी असायची, 'ट्रेविनचं कुरण, गवतावर पोसलेलं'.

"लाइल, तुझ्या गोऱ्ह्यांना माझ्यापेक्षा जास्त फिरायला मिळतं रे," डेस म्हणायचा.

"तू पण ये की चरायला," लाइल म्हणायचा. एवढं बोलणं म्हणजे लाइलच्या मानाने भाषणच होतं.

शनिवारी आम्ही मेलबर्नला जायचो. तिथल्या ओकली भागात स्ताव्रूला नावाची एक ग्रीक विधवा राहायची. लाइलने आपल्याला 'किरिया' म्हणावं, असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिच्या भाषेत तो मोठ्या बाईला द्यायचा मान आहे. तिने पहिलं खोकं माझ्या दारातच उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"चरबी पिवळी कशी ही? म्हातारी गाय दिलीस की काय मला?"

"किरिया, गवताने पिवळी होते. धान्य घातलं की पांढरी पडते."

"दुकानातल्या पाकिटावरही लिहिलेलं असतं, गवतावर पोसलेलं. त्यांची तर पांढरीच असते."

"लहानपणी सगळीच गवतावर असतात," लाइल म्हणाला. "तुम्ही विचारायचं ते शेवटचं. शेवटचे महिने कुठे होतं आणि काय खात होतं? ते पाकिटावर नसतं बहुतेक."

पुढच्या शनिवारी तिने एका जनावराचा पाव हिस्सा मागवला. मग तिने आपल्या गल्लीला सांगितलं, गल्लीने चर्चला सांगितलं. हाडं रश्श्याला कशी घ्यायची, कडक तुकडा मंद आचेवर किती वेळ ठेवायचा, हे ती माझ्या दाराशी उभी राहून इतर बायकांना शिकवायची. लोक माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हणायचे, "आली ट्रेविनची गाडी." मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते.

मग एका वर्षी शरदातला पाऊस आलाच नाही. टेकड्या तपकिरी झाल्या. गोऱ्ह्यांच्या बरगड्या दिसू लागल्या. शेजाऱ्यांनी धान्याचे ट्रक मागवले.

"थोडी बार्ली घालूया का?" एनिडने माझ्या पायरीवर बसून विचारलं. "लोकांना सांगूनच."

"सांगितलं तर लबाडी नाही," लाइल म्हणाला. "पण मग ते आपलं मांस राहत नाही. वाळल्या गवताचे गठ्ठे घेऊ, जनावरं जगवू. यंदा विकायचं नाही."

त्यांनी एकेका गिऱ्हाइकाला फोन केला. डेसला लाइल समोर जाऊन भेटला.

"मी दुकानात काय ठेवू मग?" डेस म्हणाला. "लोक तुझ्या नावाने येतात."

"बाजारातलं ठेव. माझी चिठ्ठी लावू नकोस म्हणजे झालं."

"बरं," डेस म्हणाला.

हिवाळ्यात एका सकाळी स्ताव्रूला सुनेच्या गाडीतून थेट शेतावर आली. वाटेत डेसच्या दुकानात घेतलेलं मांसाचं एक पाकीट तिने पिशवीतून काढून माझ्या बॉनेटवर आपटलं.

"मला म्हणालास, यंदा नाही. आणि दुकानाला देतोस? मी काय परकी झाले?"

पाकिटावर लाइलचं नाव होतं. आतली चरबी खडूसारखी पांढरी होती. लाइलने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"किरिया, हे माझं नाही."

"नाव तुझं आहे."

"हो," लाइल म्हणाला. "नाव माझं आहे."

त्याच दिवशी तो मला घेऊन डेसच्या बोळात गेला. मागचं दार सताड उघडं होतं. मला आतलं सगळं दिसत होतं, पुढची काचेची पेटी आणि पेटीसमोर उभी असलेली गिऱ्हाइकंसुद्धा.

"डेस, तू बरं म्हणाला होतास," लाइल हळू आवाजात म्हणाला.

डेसने सुरी खाली ठेवली. "तू बंद केलंस म्हणून मीही शटर ओढू? तुझ्या नावाशिवाय लोक पेटीकडे बघत नाहीत. आणि खोटं काय आहे त्यात? गवतावर पोसलेलं लिहिलंय. कुठलं गोऱ्हं आईच्या पोटातून बार्ली चावत बाहेर येतं?"

एरवी लाइल हसला असता. "हे तू तुझ्या नावाखाली लिही," तो म्हणाला.

"मग पुढचं जनावर कापायला दुसरा खाटीक शोध."

डेस तावातावाने बोलून गेला असावा. कारण बोलल्यावर त्याने लगेच लाइलकडे पाहिलं. लाइल मात्र पुढे गेला, पेटी उघडली आणि एकेका पाकिटावरची चिठ्ठी नखाने खरवडून काढू लागला. समोरच्या गिऱ्हाइकांना आधीचं बोलणं ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी एवढंच पाहिलं की ट्रेविन स्वतःच्याच मांसावरचं नाव घाईघाईने काढतो आहे.

गावात आणि पुढे मेलबर्नपर्यंत गोष्ट पोचली ती अशी, की ट्रेविन धान्यावरचं मांस गवतावरचं म्हणून विकत होता आणि पकडला गेला.

वसंतात पाऊस झाला. कुरण पुन्हा भरलं, गोऱ्हे अंगाने भरले, पण फोन वाजेना. लाइल मला घेऊन दारोदार गेला. एका निवृत्त मास्तरांनी जाळीचं दार न उघडताच सांगितलं, "मला वाद नको आहे, मिस्टर ट्रेविन. आम्ही हल्ली सुपरमार्केटमधून घेतो. त्यांच्या पाकिटावर हिरवं पान असतं."

"पान कशाचं, ते विचारलंत का?" लाइलने विचारलं.

आतलं लाकडी दारही बंद झालं. लाइल माझ्यात येऊन बसला आणि त्याने मला पुढच्या दाराकडे वळवलं.

घरी एनिड चिडली. "डेसचं नाव का घेत नाहीस?"

"दुकान बुडेल त्याचं."

"आणि आपलं?"

लाइलने बूट काढले आणि ते दाराशी नीट शेजारी शेजारी ठेवले.

उरलेल्या मोजक्या गिऱ्हाइकांसाठी त्याला दुसरा खाटीक मिळाला तो पार पूर्वेला, अर्ध्या दिवसाच्या रस्त्यावर. वळणांचा रस्ता, लाकडाचे ट्रक, पहाटेचं धुकं. लाइल आता तरुण नव्हता. चढावर तो एक हात छातीवर दाबून धरायचा. एनिडला त्याने हे सांगितलं नाही. मला बोलता येत असतं तर मी सांगितलं असतं.

एका दुपारी मांस भरून परतताना त्याने मला हळूच रस्त्याच्या कडेला घेतलं. ब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. मग हात लांब करून गारव्याच्या यंत्राचं बटण चालू आहे ना, ते पाहिलं. यंत्राची मोटर वेगळी होती. ती सुरू राहिली. लाइलने डोकं स्टीअरिंगवर टेकवलं आणि पुन्हा उचललं नाही.

दुधाच्या टँकरवाल्याने त्याला पाहिलं तेव्हा ऊन कलंडलं होतं. माझ्या पोटातली खोकी तशीच थंड होती.

अंत्यविधीच्या आधीच एनिड मला घेऊन मेलबर्नला निघाली. शेजारी म्हणाले, राहू दे, लोक समजून घेतील. ती म्हणाली, "ते जनावर मेलंय आणि लाइल मेलाय. हे मांस वाया घालवायला नाही." ओकलीत स्ताव्रूला काळे कपडे घालून फुटपाथवर उभी होती. एनिडला खाली उतरू न देता ती तिच्या शेजारी येऊन बसली. प्रत्येक दाराशी खोकं स्ताव्रूलानेच दिलं आणि प्रत्येक दाराशी तेवढंच म्हणाली, "हे लाइलचं. शेवटचं."

अंत्यविधीनंतर लोक शेतावर अवजारांच्या शेडमध्ये जमले. मी दाराशीच उभी होते. चहा होता, सँडविच होती. डेस सर्वांत शेवटी आला, हातात भाजलेल्या मांसाचं मोठं ताट घेऊन. त्याच्यासाठी लोक बाजूला झाले. एनिड त्याच्यासमोर उभी राहिली.

"डेस, हे कुठलं?"

शेडमधले लोक वळून बघू लागले. डेसने ताटाकडे पाहिलं.

"बाजारातलं. कुठल्या कुरणातलं, मला माहीत नाही."

"आणि त्या हिवाळ्यातलं?"

डेसचा चेहरा राखेसारखा झाला. "तेही बाजारातलं. चिठ्ठ्या मी लावल्या होत्या. लाइल त्या काढायला आला होता."

हे त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. निवृत्त मास्तरही आले होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि ते बाहेर माझ्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्या पत्र्यावर हात ठेवला, पण आता त्या हाताचा काय उपयोग होता? ज्याने ऐकायला हवं होतं, तो ऐकायला उरला नव्हता.

"ठेव ते टेबलावर," एनिड डेसला म्हणाली. "लोकांना भूक लागली असेल."

तिला एकटीला कुरण झेपेना. उन्हाळ्यात मोठे ट्रक आले आणि उरलेले गोऱ्हे चढवून घेऊन गेले. कुठे गेले, हे तिला माहीत होतं. फाटकाची दांडी धरून ती शेवटचा ट्रक वळेपर्यंत उभी होती. मला तिने सायप्रसखाली लावलं आणि चावी काढून घेतली. त्यानंतर माझ्या यंत्राचा आवाज कुणी ऐकला नाही.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे, मला भूक ठाऊक नाही. पण माझ्या पोटातून जे गेलं, ते कुणीतरी वाढवलेलं होतं आणि ते कुणाचा तरी जीव होतं. तुमच्या ताटात काहीही असो, ते कुठून आलं, कुणी वाढवलं, त्याचे शेवटचे दिवस कसे गेले, हे विचारत जा. जमलं तर वाढवणाऱ्यालाच विचारा. आणि कुणाबद्दल वाईट ऐकलंत तर त्याच्या दारापर्यंत जा, बघा, मग ठरवा. लाइलच्या कुरणाचं फाटक सगळ्यांना उघडं होतं. आलं कोण, तर एकटी स्ताव्रूला.

ती अजूनही येते, काठी टेकत. मागच्या महिन्यात ती आणि एनिड माझ्या पायरीवर बसल्या होत्या.

"मांस कुठून घेतेस आता?" स्ताव्रूलाने विचारलं.

"डेसकडून."

म्हातारीने तिच्याकडे रोखून पाहिलं. "त्याच्याकडून? कसं उतरतं घशाखाली?"

"त्याने पेटीवर हाताने लिहून लावलंय," एनिड म्हणाली. "धान्यावर वाढवलेलं, शेत माहीत नाही. निम्मी गिऱ्हाइकं गेली त्याची. पाटी काही त्याने काढली नाही."

"चरबी?"

"पांढरी."

दोघी समोरच्या कुरणाकडे बघत बसल्या. गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं आणि ते खायला कुणी नव्हतं.