असाल तर एक दाबा

त्या विद्यापीठात विद्यार्थी सोडून सगळं होतं. मोठी इमारत होती, इमारतीवर घुमट होता, घुमटाच्या बरोबर खाली कुलगुरू होते. विद्यार्थी मात्र आपापल्या गावी, आपापल्या कामाला. शिकवायचं म्हणजे पुस्तकांचं पार्सल बांधून पाठवायचं. पार्सल पोचलं की शिक्षण पोचलं, अशी तिथली समजूत होती. त्यामुळे जावक विभागाकडे अख्खा मजला होता. आवक विभाग जिन्याखाली होता. तिथे एक टेबल होतं, टेबलावर कुंडी होती आणि कुंडीतल्या रोपाचं उत्तम चाललं होतं.

या विद्यापीठाने मोबाइलवरून शिकवायचं ठरवलं तेव्हा एक नवा कक्ष उघडला. कक्षात तिघं होते. मॅडम, मख्खोबा आणि खुर्ची.

मख्खोबा म्हणजे प्रोग्रामर. घराला आग लागली तरी याचा चेहरा 'जरा उकडतंय' एवढंच सांगेल, म्हणून त्याच्या वहिनीने ठेवलेलं नाव. एकदा तिने ऑफिसात फोन करून "मख्खोबा आहेत का?" असं विचारलं, शिपायाने "आहेत, देतो" म्हटलं आणि नाव अधिकृत झालं.

मॅडम संख्याशास्त्राच्या. सगळी नोकरी शिकवण्यात गेली, पण वर्ग म्हणून काही त्यांनी पाहिला नव्हता. धडा रेकॉर्ड करताना त्या माइकपलीकडे एक लाकडी खुर्ची ठेवत आणि तिला शिकवत. मध्येच थांबून "कळलं?" असं विचारत. खुर्चीला कळलेलं नाही असं वाटलं तर न चिडता पुन्हा सांगत. पहिल्या दिवशी मख्खोबाला वाटलं, बाईंना सुट्टीची गरज आहे. दुसऱ्या आठवड्यात तो स्वतः लक्ष देऊन ऐकू लागला, कारण खुर्चीच्या आधी आपल्याला कळावं अशी त्याला ईर्षा वाटायला लागली होती. जावक विभागाचे साहेब एकदा गप्पा मारायला आले आणि त्या खुर्चीवर टेकले. मॅडम म्हणाल्या, "उठा, वर्ग चालू आहे." साहेब उठले.

मख्खोबाने पहिल्यांदा जे ॲप केलं ते एखाद्या लग्नाच्या मांडवासारखं होतं. रंग होते, पदकं होती, धडा संपला की आकाशातून फुलं पडत. ते त्याने आधी वहिनीला दाखवलं, कारण वहिनी याच विद्यापीठाची विद्यार्थिनी होती. ती बस स्थानकावरच्या क्लोकरूमच्या काउंटरवर बसायची. प्रवाशांच्या बॅगा घ्यायच्या, बिल्ला द्यायचा, बिल्ला घ्यायचा, बॅगा द्यायच्या. पदवीला तिचा एकच पेपर राहिला होता, संख्याशास्त्राचा. नोंदणीची मुदत याच वर्षी संपत होती. या खेपेला पेपर सुटला नाही तर आधी सुटलेलेही सगळे पाण्यात.

वहिनीने ॲप फोनवर घ्यायला सुरुवात केली आणि थांबली.

"भावजी, जागा नाही म्हणतोय. काहीतरी काढून टाका म्हणतोय."

"मग काढ ना."

"चिमणीचे फोटो आहेत. जन्मापासूनचे." तिने फोन त्याच्यापुढे धरला. "संख्याशास्त्र पाहिजे की पुतणी, एवढंच विचारतोय बिचारा. तुम्हीच सांगा काय दाबू."

मख्खोबाने ॲप मागे घेतलं. फुलं पडणं त्याच दिवशी बंद झालं.

"बाकी अभ्यास कसा चाललाय?" त्याने विचारलं.

"चाललाय की," वहिनी म्हणाली आणि चिमणीच्या वेणीला रिबन बांधायला वळली.

मग ठरलं, ॲपच नको. साधा फोन करायचा. कसलाही फोन असो, घंटी वाजेल, उचलला की मॅडमचा आवाज धडा सांगेल, शेवटी एक प्रश्न विचारेल, उत्तरासाठी आकडा दाबायचा. मख्खोबाने यंत्रणा जोडली आणि चाचणीसाठी स्वतःच्याच आवाजात एक वाक्य रेकॉर्ड केलं. दोन बटणं चालतात का ते बघायचं होतं, म्हणून वाक्याला दोन बाजू केल्या: "हॅलो. कुणी आहे का? असाल तर एक दाबा. नसाल तर दोन दाबा."

हा फोन त्याच्या एकट्याच्या खिशात वाजायचा होता. पण नंबर जावक विभागाच्या यंत्रणेतून घेतलेले होते आणि त्या यंत्रणेत 'पाठवा' या बटणाचा अर्थ 'सगळ्यांना पाठवा' असाच होता. एकाच विद्यार्थ्याला काही पाठवायची वेळ या विद्यापीठावर कधी आलीच नव्हती. मख्खोबाने बटण दाबलं आणि आपला फोन वाजायची वाट बघत बसला. त्याचा फोन सोडून राज्यातल्या संख्याशास्त्राच्या सगळ्या विद्यार्थ्यांचे फोन वाजले.

थोड्याच वेळात जावकसाहेब दारात उभे. हातात फोन, कानशिलं लाल.

"हा आवाज कुणाचा?" साहेबांनी विचारलं. फोनमधून मख्खोबा विचारत होता, कुणी आहे का?

"माझा," मख्खोबा म्हणाला.

"अरे, विद्यापीठ आहे हे! विद्यापीठाने असं विचारायचं? कुणी आहे का! म्हणजे आपल्यालाच माहीत नाही?"

"नाहीच माहीत," मॅडम म्हणाल्या. "पण सर, हा फोन फक्त संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना गेलाय. तुम्हाला कसा आला?"

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीबाहेर भिंत होती.

"कर्मचाऱ्यांना फीमध्ये सवलत होती," ते भिंतीला म्हणाले. "फार जुनी गोष्ट आहे."

"मग काय दाबलंत?"

"तो प्रश्न नाहीये, मॅडम."

"दोन," मख्खोबा खुर्चीच्या बाजूला झुकून हळूच म्हणाला.

एवढ्यात स्क्रीनवर उत्तरं यायला लागली होती. एक, एक, दोन, एक, दोन, दोन. आणि लोक आकडा दाबूनही फोन ठेवत नव्हते. यंत्र सगळं टिपून घेत होतं. मख्खोबाने आवाज मोठा केला.

"आहे, पण शिडीवर आहे. जरा थांबा, खाली येतो."

"आहे, आहे. हळू बोलतेय, बाळ झोपलंय."

"एक दाबलंय. आता पुढे काय?"

"कोण बोलतंय? विद्यापीठ? अय्या! खरंच?"

मॅडम उभ्या राहून ऐकत होत्या, राष्ट्रगीत चालू असल्यासारख्या. या लोकांसाठी त्यांनी जन्मभर पुस्तकं लिहिली होती आणि त्यातल्या एकाचाही आवाज त्यांनी आजवर ऐकला नव्हता. मख्खोबाला काहीतरी बोलावंसं वाटलं, पण त्याच्या चेहऱ्याला ते जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याने आवाज आणखी थोडा मोठा केला.

साहेबांनी तेवढ्यात मार्ग काढला होता. "असं करू. एकवाल्यांना दिलगिरी कळवू. दोनवाल्यांची नावं कमी करू. नाहीत म्हणतायत ना ते?"

"सर," मॅडम सावकाश म्हणाल्या, "फोन उचलला कुणी? ऐकून घेतलं कुणी? बटण कुणाच्या बोटाने दाबलं गेलं? जो खरंच नाही तो काही दाबतच नाही. हे आहेत. मला तर वाटतं, एकवाल्यांपेक्षा जास्त आहेत." मग मख्खोबाकडे वळून, "आधी दोनवाल्यांना फोन लाव. रेकॉर्डिंग नको. आपण स्वतः बोलायचं."

यंत्र एकेक नंबर जोडून द्यायला लागलं. एका फोनवर मॅडम, दुसऱ्यावर मख्खोबा. कुणी नोकरी लागली म्हणून सोडलेलं, कुणी नोकरी गेली म्हणून. एका आजोबांनी चष्मा हरवला म्हणून सोडलं होतं. चष्मा पुढे सापडला, पण तोवर परीक्षा होऊन गेली होती. मख्खोबाचं वाक्य एव्हाना पाठ झालं होतं.

"नमस्कार. विद्यापीठातून बोलतोय. आपण दोन दाबलंत."

पलीकडे बसचा हॉर्न वाजला. मग, "भावजी?"

मख्खोबाच्या चेहऱ्यावर काय झालं ते खुर्चीनेच पाहिलं.

"वहिनी? तू नाहीस?"

"नाही."

"कधीपासून?"

"प्रमाण विचलनापासून."

"अगं, मग घरी रोज..."

"काय सांगू मग? तुमचे दादा जो भेटेल त्याला सांगतात, बायको पदवीधर होणार. चिमणी तर शाळेत सांगून आलीय. आता घरात कोणत्या तोंडाने बोलू?" पलीकडे कुणीतरी बॅग ठेवली, बिल्ल्याचा टण् आवाज झाला. "पुस्तक उघडलं की गिऱ्हाईक येतं. बॅग घेऊन परत येते तर कुठे होते तेच सापडत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. की पुन्हा गिऱ्हाईक. भावजी, त्या धड्याचं पहिलं पान मला तोंडपाठ आहे हो. नुसत्या पहिल्या पानावर पेपर काढा, सुवर्णपदक घेऊन येते."

"मग दोन कशाला दाबलंस? कापून टाकायचा ना फोन."

"इतकं विचारतायत तर खरं सांगावं म्हटलं. आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

"मी टेस्टिंग करत होतो."

"छान करता."

मॅडमनी हात पुढे केला. मख्खोबाने फोन दिला.

"मी संख्याशास्त्राची," मॅडम म्हणाल्या. पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला. वहिनी उभी राहिली होती. "पुस्तक माझंच आहे. बोला, काय अडतंय?"

वहिनी जरा घुटमळली. "बाई, राग नका मानू. तो मडक्यातून लाल-पांढरे चेंडू काढणारा माणूस कोण आहे? सगळ्या पुस्तकभर तेच करतो. त्याला घरदार, कामधंदा काही नाही का?"

मॅडम अशा हसल्या की शेजारच्या खोलीतला टायपिस्ट डोकावून गेला.

"खरं सांगू? इतकी वर्षं त्याला कामाला लावलंय, पण मी कधी विचारलंच नाही."

त्यानंतर कक्षात जे सुरू झालं ते बघून मख्खोबाने मनातल्या मनात मॅडमना जो साष्टांग नमस्कार घातला, त्यातून तो अजून उठलेला नाही. मॅडमनी स्वतःचं अख्खं पुस्तक मोडायला घेतलं. ज्या पुस्तकावर त्यांचं नाव होतं, ज्याच्या आवृत्त्या निघाल्या होत्या, ते त्यांनी दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या फटीत बसेल एवढ्या तुकड्यांत तोडलं. चेंडूवाल्याला त्यांनी क्लोकरूममध्ये नोकरी दिली. आता तो लाल आणि पांढऱ्या बॅगा काढत होता, पगार घेत होता, आणि पुढच्या एका धड्यात त्याचं लग्नही ठरलं.

मख्खोबाने यंत्रणा उलटी केली. विद्यापीठ आपल्या वेळेला फोन करणार नाही. विद्यार्थ्याने आपल्याला फुरसत झाली की मिस्ड कॉल द्यायचा, यंत्र लगेच उलट फोन करणार आणि मागच्या वेळी जिथे तुटलं तिथूनच धडा पुढे चालू. पहिल्यांदा ते शब्दाच्या मधोमध सुरू व्हायचं, उचकी लागल्यासारखं. मग त्याने सगळे धडे पुन्हा ऐकले आणि मॅडम जिथे श्वास घेतात तिथे तिथे खुणा केल्या. परीक्षा जवळ येईपर्यंत त्याला मॅडमचा एकेक श्वास ओळखू यायला लागला. हा दीर्घ, म्हणजे आता सूत्र येणार.

परत येणाऱ्याचं स्वागत कसं करायचं, यावर मॅडम सगळ्यात जास्त अडून बसल्या. "'आपण मागील वेळी धडा अपूर्ण सोडला होता,' असं ठेवलं तर?" मख्खोबाने सुचवलं. मॅडमनी ते खुर्चीला म्हणून दाखवलं, क्षणभर बघितलं आणि मान हलवली. "नाही. टोमणा वाटतोय तिला." शेवटी ठरलं, "आलात? बरं झालं. आपण इथे होतो." तेवढंच वाक्य त्यांनी कितीदा तरी रेकॉर्ड केलं. लगेच परत आलेल्यासाठी वेगळं, बऱ्याच दिवसांनी आलेल्यासाठी वेगळं. आणि दुसऱ्यात त्या 'बरं झालं'वर किंचित जास्त थांबत.

साहेब तक्रार घेऊन कुलगुरूंकडे गेले होते. कुलगुरूंनी सगळं ऐकलं, उत्तरं किती आली ते विचारलं, आणि बराच वेळ घुमटाकडे बघून म्हणाले, "आपला आवक विभाग कुठे असतो हो?" दुसऱ्या दिवशी जिन्याखालचं टेबल वर आलं. कुंडीसकट. त्यानंतर साहेब व्हरांड्याच्या टोकाला पाठमोरे उभे राहून फोन कानाला लावताना दिसू लागले. कुणी जवळून गेलं की मोठ्याने "बरं, मग काम झालं की कळवा" म्हणत. पलीकडे धडे सांगणारं यंत्र होतं, हे मख्खोबाला माहीत होतं. त्याचा चेहरा अशा वेळी फार उपयोगी पडे.

वहिनी क्लोकरूममध्ये फोन कानाला लावून बॅगा घेत होती, आकडे दाबत होती. घरी तिने एका सकाळी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मी मध्ये सोडलं होतं. आता पुन्हा धरलंय." दादा चहाचा कप तसाच धरून बसला. चिमणी म्हणाली, "मग मी शाळेत सांगितलेलं खरं की खोटं?"

"खरं," मख्खोबा म्हणाला. "फक्त जरा आधी सांगितलंस."

पेपरला प्रमाण विचलन आलं. वहिनी नंतर सांगत होती, प्रश्न वाचला आणि कानात कुणीतरी दीर्घ श्वास घेतला, तिथून सूत्र आपोआप आलं. निकाल लागला तेव्हा ती पास होती, काठावर, पण काठाच्या आतल्या बाजूला. दादाने गल्लीत ज्यांना आधी सांगितलं होतं त्या सगळ्यांना पुन्हा सांगितलं.

ती मॅडमना भेटायला आली तेव्हा साडी नवी होती आणि हाताला चिमणी होती. दारातच थबकून ती मख्खोबाच्या कानाशी कुजबुजली, "आवाजावरून उंच वाटत होत्या."

मॅडम खुर्चीसमोरून उठल्या. ज्या बाईला कधी शब्द कमी पडला नव्हता, ती नुसती बघत राहिली, आणि मग जे वाक्य सगळ्यात जास्त वेळा म्हणून झालं होतं तेच तोंडून निघालं.

"आलात? बरं झालं."

"आपण इथे होतो," वहिनी म्हणाली आणि वाकली. उठताना डोळे पुसून, कुठे बसावं म्हणून तिने माइकपलीकडची ती रिकामी खुर्ची ओढली.

"ती नको," मॅडम आणि मख्खोबा एकदमच म्हणाले.

वहिनीने हात मागे घेतला. "का हो? मोडलीय?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तिथे बाकीचे बसलेत. तुम्ही इकडे या, माझ्या बाजूला."

मख्खोबा शेजारच्या खोलीतून टायपिस्टची खुर्ची घेऊन आला.