धावणाऱ्यांची कुबडी

मी एक जुनी कुबडी आहे. निलगिरीच्या लाकडाची, काखेखाली धरायची, तळाला काळं रबरी बूच असलेली. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, कुबडीची कसली आलीय जीवनकथा? पाय अधू झालेल्या माणसाला आधार द्यायचा, संपलं. पण माझं आयुष्य गेलं ते धावणाऱ्यांच्या घरी. आणि गंमत अशी की धावणं म्हणजे नक्की काय असतं, हे मला कित्येक वर्षं ठाऊकच नव्हतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या वरच्या अंगाला, उसाच्या टेकड्यांमध्ये आमची वस्ती आहे. तिथल्या एका सुताराने मला घडवलं. तो शाळेची बाकं आणि शवपेट्या करायचा. बाकासाठी मी बारीक पडले आणि शवपेटीसाठी आखूड, म्हणून कुबडी झाले, असं तो हसत सांगे. मला एक जुळी बहीण होती. पहिल्याच वर्षी तिला कुणीतरी टॅक्सीत विसरलं. तिचं पुढे काय झालं असेल, याचा विचार मी अजून करते. कुणाच्या तरी कोंबड्यांच्या खुराड्याला टेकू म्हणून ती सुखात असेल, अशी मनाची समजूत घालते.

सुताराचा भाऊ इन्कोन्जाने नावाच्या मंडळात धावायचा, म्हणून मी त्या मंडळाची झाले. इन्कोन्जाने म्हणजे पाकोळी. नाव पाकोळीचं, पण माणसं म्हणाल तर शाळेची स्वयंपाकीण, टॅक्सीचालक, शिक्षिका, चर्चचे पाळक आणि पोट सुटलेले दोन पोलीस. बक्षिसाची आशा कुणालाच नव्हती. पहाटे उठून टेकड्या चढायच्या, घामाघूम होऊन कामावर जायचं आणि मग दिवसभर मोबाइलवरच्या गटात एकमेकांना सांगत बसायचं. आज चढावर थांबलो नाही, आज पाय हलके होते, आज अमक्याच्या कुत्र्याने पाठ धरली म्हणून वेग वाढला.

माझ्या बाबतीत मंडळाचा एक नियम होता. ज्याचा पाय दुखावला त्याने मला आणायला जायचं नाही. मी ज्याच्या घरी असेन त्याने मला स्वतः पोचवायचं, चहा प्यायचा आणि आपण कसे बरे झालो ते सांगायचं. बरं झालेला माणूस मला परत करत नसे. पुढचा कुणी पडेपर्यंत मी त्याच्याच घरी राहायचे, नको असलेल्या पाहुणीसारखी. पाय दुखत असला की मला कोण जपायचं! बूच पुसायचे, काखेच्या जागी मऊ फडकं बांधायचे. पाय बरा झाला की मी दाराआड. कुणी माझ्याने झाडावरचे अवोकाडो पाडले, कुणी कपड्यांच्या दोरीला टेकू दिला. एका घरी तर स्वयंपाकघरात शिरणाऱ्या माकडांना हाकलणं एवढंच माझं काम होतं. ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

पण माझं कुतूहल काही भागत नव्हतं. सगळे सारखं मोठ्या दौडीबद्दल बोलायचे. वर्षातून एकदा डोंगरावरच्या शहरातून निघायचं आणि सूर्य मावळायच्या आत समुद्राकाठी पोचायचं. वाटेत अनोळखी माणसं मीठ लावलेले उकडलेले बटाटे हातावर ठेवतात म्हणे. चढावर सगळे मिळून गाणी म्हणतात म्हणे. आणि वेळ संपली की एक माणूस धावणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक झाडतो. हे ऐकून मला वाटलं, ही शिकारच असावी. पाठ का करायची, हेही मी ऐकून घेतलं. कोण एका पावलाने चुकलं ते त्याला दिसू नये म्हणून. जो त्या पावलाने चुकला, त्याची दौड मोजतच नाहीत.

जो दहा वेळा ही दौड पुरी करतो, त्याच्या छातीवरचा क्रमांक कायमचा त्याचा होतो. तो क्रमांक दुसरं कुणी कधी घालू शकत नाही, त्याच्या मरणानंतरही नाही.

भेकानी गुमेडे हा टॅक्सीचालक आठ वेळा पोचला होता. मग त्याच्या डाव्या पायाचं हाड केसाएवढं चिरलं आणि मी त्याच्या घरी गेले. चार दिवस त्याने मला वापरलं. पाचव्या दिवसापासून मी दाराआड आणि तो रस्त्यावर. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, त्यातला प्रकार. गटात मात्र तो लिहायचा, आराम चालू आहे. एका सकाळी दोन अनोळखी वाटसरूंनी त्याला उचलून घरी आणलं. जिन्यावरून घसरलो, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. मी पुन्हा त्याच्या काखेखाली गेले आणि त्या खेपेला फार दिवस राहिले. टॅक्सीचा क्लच तो आजही दाबतो, पण धावणं संपलं ते संपलंच.

त्यानंतर पाळी आली माझोंडीची. ही शाळेची स्वयंपाकीण. रोज एवढ्या मोठ्या पातेल्यात घेवडा ढवळणारी, आवाज असा की टेकडीपलीकडची मुलं जेवायला धावत यावीत. ती नऊ वेळा पोचलेली होती. आता एकच राहिली होती आणि नेमकं दौडीला काही आठवडे उरले असताना तिच्या नडगीचं हाड चिरलं. यंदा विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

भेकानी मला घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

"ही घे तुझी सून. कामाची आहे, उलट बोलत नाही."

"एवढी गुणाची आहे तर तुझ्याकडे का नाही टिकली?"

"टिकली की! दोनदा नांदली."

दोघंही हसले. पण दोनदा का, हे तिने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

पहिले काही दिवस माझोंडीने मला नीट वापरलं. मग एका पहाटे तिने मला दाराआड ठेवलं आणि बूट घालून बाहेर पडली. परतली तेव्हा तिचा सदरा घामाने भिजला होता. पाय गार पाण्याच्या बादलीत बुडवून ती पायरीवर बसली आणि तिने टॉवेल दातात धरला. थोड्या वेळाने मोबाइल उचलला आणि आपल्या त्या खणखणीत आवाजात गटाला सांगितलं, "आज कुबडी घेऊन चर्चपर्यंत जाऊन आले हो! डॉक्टरांची लाडकी आहे मी!"

लगेच टिंग टिंग करत टाळ्या येऊ लागल्या. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मित्रांनो, तेव्हा माझा जीव नुसता तुटत होता. मी एकदा हे पाहिलेलं होतं. तोंड असतं तर मी ओरडले असते. आणि त्याच वेळी, खरं सांगते, मला प्रश्नही पडत होता. बाहेर त्या रस्त्यावर असं आहे तरी काय, की शहाणीसुरती माणसं त्यासाठी आपलीच हाडं मोडायला निघतात?

एका रविवारी चर्च सुटल्यावर भेकानी गरम अमाग्विन्यांची पिशवी घेऊन आला. तळून फुगलेल्या त्या पिठाच्या गोळ्यांचा वास घरभर पसरला.

"चल, ऊठ. चाल कशी सुधारलीय ते बघू," तो म्हणाला आणि मला घ्यायला त्याने दाराआड हात घातला. तिथेच तो थबकला.

माझ्या डोक्यापासून भिंतीपर्यंत एका कोळ्याने सुरेख जाळं विणलं होतं. त्यात एक पतंग अडकून केव्हाच वाळून गेला होता. घरमालक स्वतः मधोमध बसला होता.

भेकानीने जाळ्याकडे पाहिलं, मग माझोंडीकडे.

"काय गं, चर्चला जाताना या कोळ्यालाही बरोबर नेतेस का?"

माझोंडी आधी हसली. "झाडायचं राहिलं रे. एक पाय धरून कुठे झाडत बसू?"

"अगं, रोज हलणाऱ्या कुबडीवर कोळी घर बांधत नाही."

माझोंडीने हातातला गोळा परत पिशवीत ठेवला.

"नऊ झाल्या, भेकानी," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "माझ्या नावावर घर नाही, जमिनीचा तुकडा नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना वाढत आले. एक नंबर तरी माझा असू दे ना. पुढच्या वर्षी या वयात आणखी काय मोडेल, कुणी सांगावं?"

"माझा पाय जिन्यावर घसरला नव्हता," भेकानी म्हणाला.

"म्हणजे?"

"रस्त्यावर मोडला. तुझी ही सून तेव्हाही दाराआडच होती. मी रोज गटात लिहायचो, आराम चालू आहे. तुम्ही रोज टाळ्या पाठवायचात. मला त्या टाळ्या फार आवडायच्या, माझोंडी. आज क्लच दाबला की डोळ्यात पाणी येतं, आणि प्रवासी म्हणतात, काका, डोळ्यात धूळ गेली का?"

माझोंडीने त्याच्या पायाकडे पाहिलं. मग विचारलं, "आता गटावर माझं सांगणार?"

"मी टॅक्सी चालवतो, चुगल्या नाही. आणि हे जाळंही मी काढणार नाही. तुझं तू काय ते बघ."

तो गेला. अमाग्विन्या गार झाल्या. ऊन दारातून सरकत भिंतीवर गेलं, तेव्हा माझोंडी उठली आणि भिंतीला धरून दाराआड आली. तिने मला उचललं. जाळं फाटलं आणि कोळी पळाला. त्याचं मला वाईट वाटलं. बोलता येत नसलेल्या माझ्या वतीने त्याच बिचाऱ्याने तर साक्ष दिली होती!

माझ्यावर भार टाकून ती उभी राहिली आणि मोबाइल तोंडाशी धरून म्हणाली, "मी माझोंडी बोलतेय. चर्चपर्यंत जाते म्हणाले ते खोटं होतं. मी चोरून पळत होते. पाय फार दुखतो. यंदा मी नाही."

शेवटचे तीन शब्द बोलताना तिने माझ्यावर आणखी भार टाकला.

या खेपेला टाळ्या आल्या नाहीत. मग सिझाकेले या शिक्षिकेचा आवाज आला, "मावशी, माझी टाचपण केव्हाची दुखतेय. वर्गात खुर्चीवरून उठतच नाही मी." त्यामागून पाळक बोलले, की उपदेशाच्या वेळी ते टेबल घट्ट धरून उभे असतात, तो भक्तीचा जोर नव्हे, गुडघा आहे. पोलिसांपैकी एकाने कबूल केलं की परवाचा चोर त्याने मुद्दाम नाही, नाइलाजाने सोडला. माझोंडी रडता रडता हसायला लागली. मला मात्र धडकी भरली. एका संध्याकाळी इतकी गिऱ्हाइकं आणि मी एकटी!

दौडीच्या दिवशी माझोंडी मला घेऊन शेवटच्या वळणापाशी गेली. बटाट्यांचं मोठं पातेलं आणि मिठाचा डबा बरोबर होता. आणि मित्रांनो, मी पहिल्यांदा दौड पाहिली!

पुढचे धावणारे तर मला दिसलेसुद्धा नाहीत, नुसता वारा गेला. पण खरी दौड त्यानंतर सुरू झाली. थव्यांमागून थवे आले. माणसं खरंच गात होती. म्हाताऱ्या होत्या, जाडी माणसं होती, मोज्यांतून रक्त आलेली होती. मला वाटलं होतं, धावणारे म्हणजे ज्यांना माझी गरज नसते ते. इथे तर ऊन उतरलं तसे सगळेच लंगडत यायला लागले. माझी गरज नाही असा एक पाय मला दिसेना. तरी ती माणसं एकमेकांचे खांदे धरत होती, बटाटा तोंडात टाकत होती आणि पुढे जात होती. बाहेर काय आहे, हे मला तेव्हा थोडंसं कळलं.

बंदूक वाजली. दहाव्यांदा पोचलेल्या एका बाईला तिचा कायमचा क्रमांक दिला, तेव्हा माझोंडीने मोठमोठ्याने टाळ्या वाजवल्या. टाळ्यांसाठी दोन्ही हात लागतात, म्हणून ती काखेने माझ्यावर इतकी रेलली की माझा सांधा करकरला. मी मोडले असते तरी चाललं असतं. मी तिला सोडलं नाही.

हाड सांधलं. माझोंडी आधी चालली, मग हळूहळू धावली, आणि दुखलं की दुखलं म्हणून गटाला सांगू लागली. पुढच्या वर्षी सिझाकेलेच्या टाचेने दगा दिला, तेव्हा माझोंडीनेच मला तिच्या घरी पोचवलं, चहा प्याली आणि जाताना माझ्या बुचावरून हात फिरवला.

त्या वर्षी दौडीच्या दिवशी सिझाकेले पाय स्टुलावर ठेवून टीव्हीसमोर बसली होती. मी तिच्या खुर्चीला टेकून उभी होते. सूर्य मावळत आला. पाठ करून उभा राहणारा माणूस जागेवर आला. पडद्यावर शेवटचे लोक दिसत होते, सगळे धुळीने माखलेले, सगळे सारखे.

"ती बघ! ती बघ मावशी! आत आली! दहा झाल्या!" सिझाकेले किंचाळली आणि आनंदाने तिने मलाच मिठी मारली.

मी घाईघाईने शोधू लागले. माणसांचा चेहरा मी काय ओळखणार? मी त्यांना त्यांच्या भारावरून ओळखते. माझोंडीचा भार उजवीकडे यायचा. म्हणून मी त्या गर्दीत उजवीकडे झुकलेली बाई शोधत राहिले. बंदूक वाजेपर्यंत शोधलं. तशी कुणीच आत आली नाही. आत आलेल्या सगळ्या बायका आपापल्या पायांवर सरळ होत्या.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाच्या दाराआड माझ्यासारखी एखादी उभी असेल, तर तिच्यावर जाळं धरू देऊ नका. आणि दुखतंय का म्हणून कुणी विचारलं, तर खरं ते सांगा. मग एक दिवस तुम्हीही धावत याल आणि मला ओळखू येणार नाही. मला ते चालेल.