नुसती घुंऽऽ करते, फिरत नाही

मी कपडे धुण्याची मशीन बोलतेय. बोलतेय म्हणजे काय, नुसती घुंऽऽ करतेय. बटण फिरवलं की पोटातून आवाज येतो, पण तळाची चकती जागची हलत नाही. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांना या आवाजाची धास्ती ठाऊक असेल. मला तर तो माझा मलाच ऐकवत नाही.

जळगावच्या एका दुकानात मी बरेच दिवस काचेआड उभी होते. नव्वद साल उलटून गेलं होतं, तरी आमच्या जातीचं लोकांना अप्रूप होतं. बाया यायच्या, झाकण उघडून आत डोकावायच्या आणि "यात लुगडं फाटत नाही ना?" असं विचारून निघून जायच्या. फाटत नाही हो! पण आम्हाला विचारतो कोण? शेवटी पितांबर आला. त्यानं जास्त काही विचारलं नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, खताच्या गोण्यांना टेकवून, मला चोपड्याजवळच्या आपल्या गावी आणलं.

गाव तापीकाठचं, घर केळीवाल्याचं. मला बघायला आळीतल्या बाया जमल्या. मला पोटं दोन. मोठं धुवायचं, धाकटं पिळायचं, आणि दोन्हींच्या मोटरी वेगवेगळ्या. हे पितांबर मोठ्या तोऱ्यात सांगत होता. एक जण म्हणाली, "आते द्रौपदा दिनभर काय करी?" सगळ्या हसल्या. द्रौपदा, म्हणजे पितांबरची बायको, हसली नाही. तिला हसायला उसंतच नव्हती.

कारण मला आणलं होतं ते भिकुबाईसाठी. भिकुबाई ही पितांबरची आई. पावसाळ्यात तिचं उजवं अंग लुळं पडलं आणि तिनं खाट धरली. तेव्हापासून गोधड्या, चादरी, लुगडी यांचा ढीग पडायचा. बाळंतिणीच्या घरातही इतकं धुणं निघत नसेल. म्हणून माझी जागा मागच्या पडवीत, तिच्या खाटेला लागूनच. मोरीतल्या नळाची नळी माझ्यात सोडलेली. मी गरगर फिरायला लागले की म्हातारी डाव्या हातानं माझ्या पत्र्यावर थोपटायची, जशी गाय धार देताना थोपटतात. एवढं प्रेम माझ्यावर कारखान्यातही कुणी केलं नव्हतं.

आणि मी दगा दिला. ऐन मे महिन्यात दिला. खानदेशातला मे म्हणजे काय ते मी सांगायला नको. त्यात लाईटचा दाब कधी वर, कधी खाली. एक दिवस गोधडी पोटात असताना मला जोर पुरेना. घुंऽऽ झालं, करपट वास आला, आणि संपलं.

द्रौपदानं शेताकडं निघालेल्या शेजाऱ्याजवळ नवऱ्याला निरोप दिला, "त्यास्ले सांग भाऊ, मोटर बंद पडनी, बिगी या."

चूक इथंच झाली. केळीवाल्याच्या घरात मोटर म्हणजे विहिरीवरची मोटर, दुसरी कुठली असूच शकत नाही. बाग उन्हानं माना टाकत असलेली, आणि मोटर बंद! पितांबरच्या पायाखालची जमीनच सरकली. शेतात तेव्हा लाईट नव्हती, म्हणून चालवूनही बघता येईना. तो तसाच चोपड्याला धावला आणि मोटर भरणाऱ्या उखर्डूला घेऊन आला. भरणं म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळणं. दोघांनी साखळदंड लावून विहिरीतून मोटर वर ओढली, पार खोलली, आणि उखर्डू कपाळाला हात लावून म्हणाला, "मोटर तं ठणठणीत शे!"

ती पुन्हा बसवण्यात रात्र विहिरीवरच गेली आणि दुसरा दिवसही गेला. दोघं घामाघूम होऊन घरी आले तेव्हा द्रौपदा रडकुंडीला येऊन म्हणाली, "विहिरनी नही, मशीननी मोटर!" एरवी मी पोट धरून हसले असते. पण त्या दोन दिवसांत माझ्या शेजारी काय चाललं होतं, ते फक्त मला माहीत होतं.

म्हातारी पाणी पीत नव्हती.

द्रौपदा पेला भरून तिच्या उशाशी ठेवायची आणि कामाला वळायची. ती वळली की भिकुबाई डाव्या हातानं पेला उचलायची आणि माझ्या उघड्या, रिकाम्या पोटात हळूच ओतायची. दर वेळी. रिकामा पेला बघून द्रौपदाला वाटायचं, पाणी पोटात गेलं. गेलं होतं, पण माझ्या! मी आतून ओरडत होते. अगं बघ, अगं कुणीतरी बघा! पण बिघडलेल्या मशीनला साधी घुंऽऽ करायलाही कुणीतरी बटण फिरवावं लागतं.

उखर्डूनं माझी पाठ उघडली, आत हात घातला, आणि मग त्याला माझ्या पोटातलं पाणी दिसलं. त्याचा चेहरा खुलला. "नळ गळस. पाणी मोटरमा गयं. आते हाई भरनी पडी." विहिरीच्या मोटरीचं सगळं ज्ञान त्यानं मला लावलं. मोटर सोडवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पितांबर ती टॉवेलात गुंडाळून एसटीनं धुळ्याला गेला.

द्रौपदा ते साचलेलं पाणी वाटीनं उपसायला बसली. उपसता उपसता तिचा हात थांबला. तिनं ओंजळ नाकाशी नेली. पाण्याला वाळ्याचा वास होता. घरात वाळा एकाच मडक्यात घातलेला, भिकुबाईच्या. तिला तो आवडतो म्हणून द्रौपदानंच घातलेला. नळाच्या पाण्याला वाळ्याचा वास कुठून येणार?

ती खाटेशी गेली. "माय, तुनं पाणी कोठे जास?"

म्हातारीचे ओठ सुकून फुटले होते. ती तोंड फिरवून म्हणाली, "पाणी पिसू तं गोधडी भिजी. भिजी तं तूच धोशी. मशीन मरनी, आते मी तुले बी मारू का?"

"धोसू ना मी! मना हात काय तुटी गयात का?" द्रौपदा हंबरडा फोडून रडली. "पाणी पी माय, तुना पाय पडस."

म्हातारीनं दात घट्ट मिटले. चमच्यानं घातलेलं पाणी गालावरून ओघळलं. डॉक्टर आले, सलाईन लावली, तर डाव्या हातावरची सुई तिनं दातांनी ओढून काढली. जाताना डॉक्टर म्हणाले, "आज पाणी पोटात गेलं नाही, तर माझ्या हातात काही उरणार नाही."

संध्याकाळी पितांबर धुळ्याहून परतला, जळकी मोटर तशीच टॉवेलात. तिथला कारागीर म्हणाला होता की ही भरून होण्यातली नाही. तिथूनच जळगावच्या दुकानात फोन करून विचारलं, तर माझी जात कंपनीनं बनवणंच बंद केलं होतं. पडवीच्या पायरीवर बसून त्यानं हे द्रौपदाला हळूच सांगितलं. द्रौपदानं ते ऐकलं आणि तिचा तोल सुटला. तिनं माझ्या तोंडावर थाडकन चापट मारली, माझी बटणं कचाकचा फिरवली. मारलं ते बरंच केलं, माझ्या लायकीचंच होतं ते.

त्या फिरवाफिरवीत धाकट्या पोटाचं बटण फिरलं. त्याची मोटर शाबूत होती, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. रिकामं पोट भर्रर्र करून घुमायला लागलं, अख्खी पडवी हादरली.

खाटेवरून क्षीण आवाज आला, "चालू व्हयनी का व?"

द्रौपदानं नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं मान खाली घातली, तशी तीच म्हणाली,

"हो माय. व्हयनी चालू."

"मंग आन पाणी."

भिकुबाई अख्खा पेला प्यायली. मागोमाग दुसरा प्यायली. आयुष्यात मी इतके कपडे धुतले, पण त्या रिकाम्या फिरण्याइतकं पुण्य मला कधी लागलं नाही.

जळकी मोटर पितांबरनं तशीच परत माझ्यात बसवून टाकली, आणि तेव्हापासून हे रोजचं झालंय. द्रौपदा माझं रिकामं पोट फिरतं ठेवते आणि गोठ्यामागं जाऊन सगळं धुणं हातानं धुते. धोपटणं ती वापरत नाही, आवाज होईल म्हणून. नुसतं घासते. लाईट गेली की मी मुकी होते, म्हातारीपुढचा पेला तसाच राहतो, आणि मला तारेवरच्या त्या न दिसणाऱ्या लाईटच्या पाया पडावंसं वाटतं.

परवा द्रौपदा पेला देत होती, तर भिकुबाईनं डाव्या हातानं तिचा हात धरला. बोटं चाचपली. सोड्यानं ती फुटलीत, चिरांतून रक्त येतं. म्हातारी कितीतरी वेळ ती बोटं धरून होती. द्रौपदाला वाटलं, माया करतेय. मग म्हातारीनं पाणी घटाघटा पिऊन टाकलं आणि ती म्हणाली, "गोधडी नको आथरू व. उकडस. जुनं लुगडं आथर."

मे सरला, पावसाळी गारवा सुटलाय. उकडत कुठं होतं? गोधडी मशीनला जड नसते, हाताला असते. म्हाताऱ्या बाईला ते मी सांगायला नको.

तेव्हा आता माझी एक विनवणी. तुमच्या माळ्यावर माझ्या जातीची एखादी मशीन धूळ खात पडली असेल आणि तिची धुवायची मोटर धड असेल, तर ती द्या हो. तापीकाठी पितांबरचं घर कुणीही दाखवील. पण पुढच्या दारातून, हाका मारत येऊ नका. भिकुबाईला सगळं कळलंय, पण तिला कळलंय हे द्रौपदाला कळलेलं नाही. ती बिचारी अजून समजते की आपण म्हातारीला फसवून जगवतोय, आणि तेवढ्याच बळावर ती उभी आहे. म्हणून मागच्या दारानं या, आणि हळू बोला.