तेरा वर्षांवरच्यांसाठी

"काका, पाच मिनिटं," निषाद म्हणाला, आणि हैबतीने हातातल्या किल्ल्या पुन्हा खिशात टाकल्या. ही पाच मिनिटं चौथ्यांदा सुरू झाली होती.

महाडच्या त्या कॉलेजात हैबती एकतीस वर्षं शिपाई होता आणि साडेचार वाजता कॉम्प्युटर लॅबला कुलूप लावणं हे त्याचं काम. एरवी चार पंचविसालाच त्याचं खाकरणं सुरू व्हायचं. आज मात्र तो दारात निमूट उभा होता, कारण पडद्यावर तोच होता. काळा पायघोळ झगा, डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा आणि हातात दोराचा चाबूक. कशेडी घाटाच्या पायथ्याला त्याची वाडी, आणि त्या वाडीच्या शिमग्यात पालखीपुढे नाचणारा हा संकासूर. सव्वीस वर्षं तो वेश हैबतीकडे होता. यंदाचा शेवटचा. गुडघ्यांनी असहकार पुकारला होता, आणि वाडीतले पोरगे मुंबईहून दोन दिवस येत ते स्पीकर लावायला. भर उन्हात त्या टोपीखाली नाचायला कुणी तयार झालं नाही. तेव्हा पालखी देवळात परतली त्या दिवशी त्याने वेश देवापुढे ठेवला. एकदा ठेवलेला वेश तोच माणूस पुन्हा उचलत नाही, अशी तिथली रीत.

बी.ए.च्या निषाद आणि सेजलने त्याच्यावर वीस मिनिटांची फिल्म केली होती. तिचा दीड मिनिटाचा ट्रेलर एका विद्यार्थी महोत्सवाच्या साइटवर चढवायचा होता. सगळा फॉर्म भरून झाला होता, फक्त दोन रकाने राहिले होते: फिल्मचा प्रकार कोणता आणि ट्रेलर किती वयाच्या पुढच्यांनी बघायचा. तेवढ्यावर तासभर घोडं अडलं होतं.

"हॉरर," निषाद म्हणाला. "पहिल्याच सेकंदाला काका धुरातून बाहेर येतात. काटा येतो अंगावर."

"माहितीपट आहे तो," सेजल म्हणाली. "काका काय भूत आहेत?"

"माहितीपट म्हटलं की आपल्या घरचेसुद्धा बघत नाहीत."

शुभदा मॅडम मराठी शिकवत. कॉलेजचं फिल्म मंडळ त्यांच्या गळ्यात पडलं होतं, का ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. दोघांचं ऐकून त्या कंटाळल्या आणि दाराकडे वळल्या. "हैबती, तुम्हीच सांगा आता. तुमचीच फिल्म आहे."

हैबती खाकरला. "प्रकाराचं तुमी बघा मॅडम. त्ये वयाचं तेवढं सगळ्यांसाठी करता येल का?"

हे विचारायचं धाडस तो दुपारपासून गोळा करत होता. त्याची नात सई पाच वर्षांची होती, नवी मुंबईत कामोठ्याला राहायची. वाडीची रीत अशी की, शिमग्यात लहान पोराला संकासुराच्या मांडीवर द्यायचं. पोर ते ध्यान बघून भोकाड पसरतं. मग संकासूर त्याच्या कपाळाला अंगारा लावतो, पोर हळूहळू गप्प होतं आणि वर्षभर झोपेत दचकत नाही. सव्वीस वर्षांत वाडीतलं एक पोर हैबतीच्या मांडीवरून सुटलं नाही. सुटली ती घरचीच. पहिल्या वर्षी लॉकडाऊन होता, पुढे कधी सर्दी, कधी शाळा, आणि शेवटी सूनबाईने, अंकिताने, सरळच सांगितलं, "बाबा, ती घाबरेल हो." अंकिता काही वाईट मुलगी नव्हती. टीव्हीलासुद्धा वयाचं कुलूप लावणारी जपणारी आई होती. तिनेच कबूल केलं होतं की ट्रेलर आला की सईला दाखवीन, वय काय लिहिलंय तेवढं बघून कळवा. हैबतीला या सगळ्याचं फार वाईट वाटायचं. ते तो बायकोला, बनुबाईलाही बोलून दाखवत नसे.

"करू की काका," निषाद म्हणाला. "कोण तपासायला बसलंय?"

मॅडमनीही मान हलवली. "काही हरकत नाही. बसा, एकदा शेवटचं बघून घेऊ." त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. एकतीस वर्षांत त्या लॅबमधली एकेक खुर्ची हैबतीने पुसली होती, बसला तो आज.

आतापर्यंत त्याने ट्रेलर दारातून पाहिला होता, आणि आपलं लग्नातलं चित्रण माणूस जसं बघतो तसं, फक्त स्वतःला बघत. आता मात्र तो सई होऊन बघायला लागला. धूर आला. ढोल-सनईचा खालूबाजा घुमला. दोराचा फटका जमिनीवर बसला. मग शेजारच्या भिकूचा नातू त्या काळ्या झग्यासमोर धरला गेला आणि त्याने जो टाहो फोडला, तो पडद्यावर मावेना. त्या टाहोवर पडदा काळा झाला आणि फिल्मचं नाव आलं.

"ह्याच्या पुढचं कुठं हाय?" हैबतीने विचारलं.

"कशाच्या पुढचं?"

"पोराला मी मांडीवर घेतला त्याच्या. गप झाला ना तो. माझी दाढी धरून बसला हुता."

निषादने सेजलकडे पाहिलं. सेजल हळूच म्हणाली, "ते शूटच नाही झालं काका. रडण्याचा शॉट मिळाला, आणि तुम्हीच म्हणालात, आधी जेवून घ्या."

हैबतीला आठवलं. पोरं सकाळपासून उपाशी उन्हात हिंडत होती. वाडीत आलेला पाहुणा उपाशी, आणि आपण देवाचं सोंग घेऊन नाचायचं, हे त्याला बघवलं नव्हतं. तोंडावरची दाढी वर करून त्यानेच बनुबाईला हाक मारली होती की यांना वाढ. पोरं नको नको म्हणत होती, तर यानेच दटावलं. मग ती पुरणपोळीला बसली आणि इकडे अंगणात भिकूचा नातू गप्प झाला. आता बोल कुणाला लावणार?

"चालतं हो काका," निषाद म्हणाला. "लोकांना कळतं ते."

"ज्यानं शिमगा बघितलाय त्याला कळंल. ज्यानं बघितलाच नाय त्याला काय? पोरगं रडलं नि काळोख झाला, येवढंच."

निषादचं बोट माउसवर होतं, 'सर्वांसाठी' वर खूण झालेली होती. "मग पाठवू ना?" त्याने विचारलं.

"त्याच्यात तेरा हाय ना? तेरा कर."

"काका, पण सई..." सेजलला कामोठ्याची गोष्ट माहीत होती. पोळ्या वाढताना बनुबाईने सांगितली होती. नवरा बोलला नाही तरी बायकोला कळायचं ते कळतंच.

"रडंल गो ती. नि तिकडं कोणाच्या मांडीवर द्यायची तिला?"

"आणि प्रकार?" मॅडमनी विचारलं.

"भीतीचाच लिवा. जेवढं घेतलंय तेवढं भीतीचंच हाय."

निषादचं म्हणणं खरं ठरलं होतं, पण जिंकल्यासारखं त्याचं तोंड दिसत नव्हतं. त्याने दोन्ही खुणा केल्या आणि फॉर्म पाठवला. हैबतीने पंखे बंद केले, कुलूप लावलं आणि स्टँडवर येऊन अंकिताला फोन लावला.

"आला का बाबा ट्रेलर? किती लिहिलंय?"

"तेरा."

मग अंकिता म्हणाली, "असू दे. तुम्ही आहात ना त्यात? मी बसते तिच्याजवळ आणि दाखवते."

हे तिने आपणहून म्हणावं म्हणून तो पाच वर्षं वाट बघत होता.

"नको," तो म्हणाला. "मीच तेरा लिवायला सांगितलं. नको दाखवू."

एवढ्यात सईने फोन हिसकावला. "आबा, तुम्ही मोबाईलमध्ये आलात?"

"आलो गो."

"मला कधी दिसणार?"

"तू मोठी झालीस की. तेरा वर्सांची."

सईने जरा विचार केला. "तेव्हा मी घाबरणारच नाही."

"नाय घाबरणार," हैबती म्हणाला.

तेरा वर्षांच्या मुलीला कुणी मांडीवर देत नाही. पोलादपूरची गाडी लागली होती. "आईला दे फोन," तो म्हणाला, आणि रांगेत जाऊन उभा राहिला.