फुटामागे एक सूत

बाबांनी काच मोजली नव्हती. ती अठ्ठेचाळीस इंच आहे हे त्यांना अठरा वर्षं माहीत होतं, आणि माहीत असलेली गोष्ट कोणी मोजत नाही.

मे महिन्यातला रविवार होता. एस.टी.च्या वर्कशॉपात पत्रे ठोकणारा गंगाराम सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे यायचा, तसा सकाळीच आला होता. आमच्या मांगरात, जिथे पूर्वी गवत आणि आंब्याच्या पेट्या ठेवत, तिथे मोटार उभी होती. दोन दारांची, दोघांपुरती, पाठीकडे उतरत गेलेली. रंग अजून लावायचा होता. बाबा आणि गंगाराम यांनी गोधडीतून बाकदार काच बाहेर काढली, दोघांनी दोन टोकं धरून ती समोरच्या चौकटीवर टेकवली, आणि दोघेही तसेच उभे राहिले.

काच चौकटीत बसली नाही. बसली नाही म्हणजे मोठी नव्हती, लहान होती. एका बाजूला टेकवली की दुसऱ्या बाजूला माझं बोट आत जाईल एवढी फट राहत होती.

"रबर घातल्यावर भरेल," गंगाराम म्हणाला.

"रबराची जागा धरूनच सांगतोय," बाबा म्हणाले.

त्यांनी खिशातून पट्टी काढली. लाकडी, दोन्ही टोकांना पितळ असलेली, दोन फुटी. कारखान्यात लागल्यापासून ती त्यांच्यापाशी होती, आणि तिच्यावरचे आकडे सोडून बाकीचं सगळं लिखाण हाताने घासून गेलं होतं. त्यांनी चौकट मोजली. अठ्ठेचाळीस. काच मोजली. साडेसत्तेचाळीस.

"काच आटली म्हणायची," गंगाराम म्हणाला. "काय गो राही, तुझ्या सायन्सात लिहिलंय काय, काच आटते म्हणून?"

"आटत नाही," मी म्हटलं.

बाबा हसले नाहीत. काच त्यांनी पुन्हा गोधडीत गुंडाळली आणि भिंतीला लावून ठेवली. गंगाराम चहा न घेता गेला, कारण चहाचं विचारायला कोणाला सुचलं नाही.

ही काच काय होती ते सांगायला हवं.

बाबा, म्हणजे महिपत, मुंबईला मोटारींच्या एका कारखान्यात लाकडी साचे करायचे. सव्वीस वर्षं. मी, आई आणि घर इथे रत्नागिरीला. ते गणपतीला यायचे आणि अकराव्या दिवशी जायचे. अडुसष्ट साली ते गणपतीलाही आले नाहीत. कारखान्याने एक नवी मोटार करायला घेतली होती, एकच, नमुन्याची, आणि तिचा लाकडी साचा बाबांकडे होता. त्या साच्यावर पत्रे ठोकून मोटारीचं अंग तयार झालं. साहेबलोकांनी तिला आवारात तीन फेऱ्या मारल्या, फोटो काढला, आणि ती करायची नाही असं ठरवलं. वर्षभर ती ताडपत्रीखाली होती. मग गॅसने कापली. कापण्याआधी काच काढून बाजूला ठेवली होती, ती बाबांनी मागून घेतली आणि बोटीने घरी आणली. फोटो त्यांच्याजवळ नाही. काच, आणि एक वही, ज्यात साच्याची दर सहा इंचांवरची मापं आहेत. बस.

आई चौऱ्याऐंशी साली गेली. बाबा नोकरी सोडून घरी आले. चाळीस दिवस ते ओटीवर बसून होते, आणि एकेचाळिसाव्या दिवशी मुंबईहून बाद झालेली एक टॅक्सी ट्रकवर घालून आली. नमुन्याची मोटार अशाच टॅक्सीच्या चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बसवली होती, एवढंच त्यांनी मला सांगितलं. पुढची दोन वर्षं घरात रंधा, करवत आणि हातोडी यांचेच आवाज होते. आम्ही दोघं जेवायला समोरासमोर बसायचो. मला त्यांच्याशी काय बोलावं हे कळायचं नाही आणि त्यांना माझ्याशी. आईबद्दल बोलता आलं असतं. पण आई त्यांना जेवढी ठाऊक होती ती वर्षातून अकरा दिवसांची, आणि उरलेले दिवस माझ्याकडे होते. ते मी कुठून सुरू करणार?

त्या रविवारी दुपारी जेवताना बाबा म्हणाले, "ही ती काच नव्हे."

मी भाताचा डाव खाली ठेवला.

"तुझ्या आईच्या हातून फुटली असणार. मग कुठून तरी दुसरी आणून ठेवली असेल. मला काय कळणार आहे, असं वाटलं असेल तिला."

"कुठून आणेल आई अशी काच?"

"मी इथे होतो का बघायला?" ते म्हणाले, आणि ताटातला भात पुरा न करता उठले.

मला राग आला. वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी मोजायचं ठरवलं. बाबा ओटीवर पडल्यावर मी माझी कॉलेजातली स्टीलची फूटपट्टी घेऊन मांगरात गेले. काच मोजली. चार वेळा पट्टी ठेवून बरोब्बर अठ्ठेचाळीस इंच झाले. पुन्हा मोजली, उलट्या बाजूने. अठ्ठेचाळीस. मग चौकट मोजली. साडेअठ्ठेचाळीस.

म्हणजे काच बरोबर होती. पण बाबा गवंडीकामातल्यासारखी अर्ध्या इंचाची चूक करणारे नव्हते. मी चौकटीची उंची मोजली. वहीत अठरा इंच लिहिले होते. आले अठरा आणि वर दीड सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतारांचं माप. दार मोजलं. तीन फूट लिहिलेलं दार तीन फूट तीन सूत होतं. मोटारीची लांबी मोजायला मी दोरी धरली. साडेबारा फूट असायला हवी होती, साडेबारा सूत जास्त भरली.

चूक असती तर ती इथे जास्त, तिथे कमी अशी असती. हे सगळीकडे सारखं होतं. फुटामागे एक सूत.

मला चासीची भोकं आठवली. मोटारीच्या तळाची भोकं वहीतल्या मापाने पाडली होती, आणि ती चासीवरच्या भोकांशी जुळली नव्हती. टॅक्सी कुठेतरी आपटून चासी वाकली असणार, असं म्हणून बाबांनी दोन दिवस कानस चालवून ती लांबट करून घेतली होती. घरात केलेलं सगळं एकमेकांशी जुळत होतं; दार चौकटीला, टप दाराला. बाहेरून आलेल्या दोनच गोष्टी होत्या, चासी आणि काच, आणि त्या दोन्ही जुळत नव्हत्या.

बाबांची पट्टी मांगरात काढून ठेवलेल्या टॅक्सीच्या बॉनेटवर राहिली होती. मी तिच्या शेजारी माझी ठेवली. माझे बारा इंच संपले, तिथे त्यांचे बारा व्हायला एक सूत बाकी होतं.

पट्टी उन्हाकडे तिरकी धरली तेव्हा पितळेजवळ पुसट अक्षरं दिसली. ओतकामाची पट्टी होती ती. लोखंड वितळवून साच्यात ओतलं की थंड होताना आकसतं, म्हणून साचा तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशोब नको म्हणून साचे करणाऱ्यांची पट्टीच मुळात ताणलेली असते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. अशी पट्टी घरात, बाबांच्या खिशात होती, हे माहीत नव्हतं.

सांगू नये असं मला एकदा वाटलं. चौकटीला लाकडाची पट्टी लावून काच बसवता आली असती. पण मग काच खोटी ठरली असती, आणि आई.

चार वाजता ते उठून आले. मी दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. ते वाकून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी अंगठ्याने दोन्हींची डावी टोकं नीट जुळवली, जणू मीच नीट जुळवली नसतील, आणि पुन्हा पाहिलं.

"अडुसष्ट साली साधी पट्टी घेतली होती," ते म्हणाले. "पत्रा आकसत नाही ना. स्टोअरमधून सही करून घेतली. काम झाल्यावर परत दिली."

"आणि वहीत त्या पट्टीचे आकडे."

"हं." ते मोटारीभोवती एक फेरी मारून आले. "ही ओतली असती, तर थंड झाल्यावर बरोबर आली असती."

मला वाटलं ते हसतील. ते लाकडी पेटीवर बसले.

"काच तीच आहे, बाबा," मी म्हटलं.

"तीच आहे," ते म्हणाले. "मोटार ती नव्हे."

पुढच्या रविवारी गंगाराम आला. त्याला सांगितलं तेव्हा त्याने टपावर हात मारला. "महिपतदादा, फुटाला एक सूत? एस.टी.च्या गाड्या मी चार-चार बोटं वाकड्या घालवल्यात रस्त्यावर. रबर भरू, वर पट्टी मारू. कोण बघायला येणार आहे?"

"मी आहे ना बघायला," बाबा म्हणाले.

"अहो, पण ती मोटार बघितलेला दुसरा माणूस तरी आहे का रत्नागिरीत?"

"नाही. म्हणून तर."

गंगारामने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच नाही म्हटलं. तो हत्यारं पिशवीत घालून गेला, आणि मग पुढचे दहाबारा दिवस मांगरात कोणी गेलं नाही. बाबा ओटीवर बसायचे, चौऱ्याऐंशी साली बसले होते त्याच जागी. पट्टी खिशात नव्हती. त्यांचा हात मधूनच रिकाम्या खिशाकडे जायचा. घरात पुन्हा शांत झालं, आणि मला कळलं की दोन वर्षं ज्या ठोकाठोकीचा मला कंटाळा यायचा, तिच्यामुळे घरात दुसरं कोणी आहे असं वाटत होतं.

मेच्या शेवटी रायवळ आंबे पडायला लागले. दोन वर्षं आंब्याची साठं, म्हणजे आंबापोळी, घातली नव्हती. त्या दिवशी मी रस काढला, आटवला, आणि भिंतीशी ठेवलेली काच बाहेर आणली. धुतली. अंगणात कोंड्याची दोन पोती शेजारी शेजारी ठेवून, त्यांवर ती पाळण्यासारखी उताणी ठेवली, तुपाचा हात फिरवला आणि रस पसरू लागले.

बाबा ओटीवरून उतरून आले. "हे काय करतेस?"

"साठं घालते."

"त्या काचेवर?"

"आई हिच्यावरच घालायची. दर मे महिन्यात. काच तापते, रस चिकटत नाही." मी पसरत राहिले. "गणपतीच्या आधी धुऊन कणगीच्या मागे ठेवायची, तुम्ही यायच्या आत."

त्यांच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं रागावले. मग त्यांनी विचारलं, "पहिल्या वर्षापासून?"

"मला आठवतं तेव्हापासून. साठ मध्ये जाड व्हायची, कडेला पातळ. मधल्या तुकड्यावरून माझी आणि शेजारच्या मथुराची भांडणं व्हायची."

"मला डब्यातून मिळायची ती हीच?"

"हीच. तुम्हाला मधली."

चार दिवस मी रोज एक थर दिला. बाबा रोज येऊन उभे राहायचे. चौथ्या दिवशी पाहिलं तर साठ कडेने सुटून आत आली होती आणि काचेवर तुपाची रिकामी किनार राहिली होती. बाबा वाकले. त्यांनी बोट त्या किनारीवर फिरवलं, आणि त्यांचा हात खिशाकडे गेला.

"फुटाला किती आली आत?" त्यांनी विचारलं.

मी घरातून माझी पट्टी आणली. मोजलं. "सहा सूत. जवळजवळ."

"लोखंडाच्या सहापट," ते म्हणाले. मग म्हणाले, "हिशोब धरायची का ती?"

"आई? ती कडेपर्यंत पसरायची. मी म्हणायचे सांडेल. ती म्हणायची, आत येणार आहे, आधीच सोडून कशी चालेल."

बाबांनी मान हलवली, कामाच्या ठिकाणी दुसऱ्याचं काम पटलं की हलवतात तशी.

मग ते मांगरात गेले. दोनदा हँडल मारल्याचा आवाज आला, तिसऱ्यांदा इंजिन लागलं. मोटार पहिल्यांदाच स्वतःच्या चाकांवर बाहेर आली, पत्र्याच्या उघड्या रंगाची, समोर काच नसलेली. काच नसल्यामुळे बाबांचा चेहरा सरळ दिसत होता. त्यांनी वाकून पलीकडचं दार उघडलं.

"भाट्याच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन येऊ. चल."

"कावळे येतील," मी म्हटलं. माझ्या हातात त्यांना हाकलायची काठी होती. "आजचा थर अजून ओला आहे. कोणीतरी बसायला हवं."

त्यांनी समोर रस्त्याकडे पाहिलं. नंतर इंजिन बंद केलं, उतरले आणि दोन्ही दारं लावली. एकदा लावून समाधान झालं नाही म्हणून डावं दार उघडून पुन्हा लावलं. ते अगदी अलगद बसलं.

"काठी दे," ते म्हणाले. "तू सावलीत हो."

मी सावलीत गेले नाही. ते काचेच्या एका बाजूला पाटावर बसले, मी दुसऱ्या बाजूला. फणसावर एक कावळा येऊन बसला आणि बाबांनी काठी जमिनीवर आपटली. तो उडाला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आई नुसती काठी वर धरायची," मी म्हटलं.

त्यांनी काठी वर धरली.